गप्प बसणाऱ्याचं बिल

माझ्या मावशीकडे आणि माझ्याकडे एकाच कंपनीचं इंटरनेट आहे. वेग तोच, राउटरचा डबा तोच, त्यावरचा हिरवा दिवा अधूनमधून उगाच लाल होतो तेही सारखंच. फरक एवढाच, की मावशी त्या कंपनीची अकरा वर्षांची ग्राहक आणि मी दीड वर्षाची. एकदा तिचे कागद लावून देताना आमची दोन बिलं शेजारी शेजारी आली, तेव्हा कळलं की ती माझ्या जवळजवळ दीडपट पैसे भरते.

"मावशी, तू यांना कधी फोन केलास का गं?"

"कशाला? चालतंय की व्यवस्थित. काही बिघडलं तर माणूस फोन करतो."

मग मीच लावला. बिलासाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा. एक दाबलं. बऱ्याच वेळाने एक मुलगी आली. अतिशय नम्रपणे तिने सांगितलं, की दर सिस्टीममध्ये ठरलेले असतात आणि तिला त्यात काही करता येत नाही. ती खोटं बोलत नव्हती, तिच्या पडद्यावर खरंच तसं बटण नसणार. फोन ठेवला, पुन्हा लावला आणि या वेळी ‘कनेक्शन बंद करण्यासाठी’ असलेला आकडा दाबला. संगीत वाजायच्या आत माणूस हजर! कारण विचारलं, मी दर सांगितला, नव्या ग्राहकाला त्यांच्याच जाहिरातीत काय दर आहे तोही सांगितला. क्षणभर कीबोर्डची टकटक. "मॅडम, तुमच्या नंबरवर एक स्पेशल ऑफर दिसतेय मला." दिसतेय! जणू ती ढगाआड होती आणि आत्ताच बाहेर आली. मावशीला फोनवर घेऊन जन्मतारीख विचारली, तिने "हो, मीच बोलतेय" म्हटलं आणि बिल एक तृतीयांशाने उतरलं. सगळं मिळून चाळीस मिनिटं गेली.

मला वाटलं, मावशी खूश होईल. तिने विचारलं, "मग आधीच कमी का नाही लावलं?"

गेल्या काही वर्षांत घरखर्च आटोक्यात ठेवण्याच्या सल्ल्यांमध्ये एक सल्ला हमखास असतो: फोन उचला आणि मागा. इंटरनेट, मोबाइल, विमा, जिम, बातम्यांची आणि सिनेमांची सदस्यत्वं, सगळीकडे घासाघीस चालते, फक्त तोंड उघडायला हवं. सल्ला खरा आहे. मी स्वतः तो पाळते आणि पाळायचा असेल तर नीट पाळावा, म्हणून चार गोष्टी सांगते. मुदत संपायच्या दोन-तीन आठवडे आधी फोन करावा, संपल्यावर नाही. दुसऱ्या कंपनीचा खरा दर हाताशी ठेवावा. हवेतला आकडा फेकला तर समोरच्याला लगेच कळतं, तो दिवसभर तेच ऐकत असतो. पहिल्या माणसाशी वाद घालू नये, त्याच्या हातात काही नसतं. अधिकार असतो ग्राहक टिकवणाऱ्या विभागाकडे, ज्याला कंपन्या रिटेन्शन म्हणतात, आणि तिथलं दार ‘बंद करायचंय’ या शब्दांनीच उघडतं. मात्र बंद करायची तयारी नसताना धमकी देऊ नये, कारण कधीतरी पलीकडून "ठीक आहे मॅडम, करतो बंद" असंही येतं. मिळालेली सवलत किती महिन्यांची आहे आणि त्या बदल्यात पुन्हा वर्षभर बांधून घेतलंय का, हे विचारावं आणि ते लेखी मागावं. आवाज चढवू नये. जिथे दर नियामक ठरवतो, वीज-पाण्यासारख्या सेवांत बरेचदा तसंच असतं, तिथे घासाघीस करण्यात अर्थ नाही; तिथे आपण योग्य वर्गवारीत आहोत ना आणि मीटरचं वाचन बरोबर आहे ना, एवढंच तपासावं.

हे झालं एकट्या-दुकट्याचं. पण सार्वजनिक प्रश्न म्हणून बघितलं तर हा सल्ला मला टोचतो. तो गृहीत धरून चालतो, की बिलावरचा दर हा खरा दर नाहीच. तो गप्प बसणाऱ्याचा दर आहे आणि गप्प बसलात ही चूक तुमची.

जुन्या ग्राहकाला जास्त दर लावण्याला इंग्लंडमध्ये ‘निष्ठेचा दंड’ असं नाव पडलं. तिथल्या सिटिझन्स ॲडव्हाइस या ग्राहकसंस्थेने सप्टेंबर २०१८ मध्ये स्पर्धा प्राधिकरणाकडे रीतसर तक्रार केली. मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा विमा, गृहकर्ज आणि बचत खाती या पाच बाजारांत मिळून हा दंड वर्षाला ४.१ अब्ज पौंड आहे, असा त्यांचा हिशेब होता. विम्याचा प्रकार तर मासलेवाईक. पहिल्या वर्षी पॉलिसी स्वस्तात द्यायची, कधीकधी तोटा सोसूनही, आणि मग दर नूतनीकरणाला दर थोडा थोडा वर सरकवत न्यायचा. एकदम उडी मारली तर माणूस जागा होतो, पावलापावलाने गेलं तर होत नाही. तिथल्या वित्तीय नियामकाने तपास केला तेव्हा २०१८ मध्ये घर आणि वाहन विम्याचे साठ लाख पॉलिसीधारक चढ्या दराने पैसे भरत असल्याचं आढळलं. त्यांना त्यांच्या जोखमीनुसार सरासरी दर लागला असता, तर १.२ अब्ज पौंड वाचले असते. १ जानेवारी २०२२ पासून तिथे नियम आला: घर आणि वाहन विम्यात जुन्या ग्राहकाला नूतनीकरणाचा दर नव्या ग्राहकापेक्षा जास्त लावायचा नाही. मावशीच्या प्रश्नाला नियमाच्या भाषेत दिलेलं हे उत्तर आहे.

"मग ज्यांना आळस आहे त्यांनी भरावेत पैसे," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझा नवराही त्यांतलाच. त्याचं म्हणणं, बाजारात डोळे उघडे ठेवणाऱ्याला स्वस्त मिळतं, यात गैर काय? गैर काय ते सांगते. एका घरात अशी दहा-बारा बिलं सहज असतात. प्रत्येकाला वर्षातून एकदा चाळीस मिनिटं, शिवाय आधी दर शोधण्याची आणि नंतर तारीख लक्षात ठेवण्याची डोकेदुखी. ज्याला दिवसा फोनवर बोलायची मुभा आहे, ज्याची भाषा सफाईदार आहे, ज्याला नकाराची भीड वाटत नाही, त्याला हे जमतं. दोन पाळ्यांत काम करणारी बाई, नुकताच परमुलखात आलेला माणूस, ऐकू कमी येणारे आजोबा हे आळशी नसतात. त्यांच्यापाशी भांडवल नसतं, आणि इथे भांडवल म्हणजे वेळ, जीभ आणि थोडा उद्धटपणा.

शिवाय घासाघीस वाटते तितकी निःपक्ष नसते. इयन एअर्स नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने १९९१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शिकागोच्या मोटार विक्रेत्यांकडे त्याने वेगवेगळी माणसं पाठवली. सगळ्यांना बोलायचं काय, थांबायचं किती, भाव कसा वाढवत न्यायचा, हे एकच ठरवून दिलेलं. गाडी तीच, संवाद तेच. तरी गोऱ्या पुरुषांना सगळ्यांत कमी भाव मिळाला. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना जास्त सांगितला गेला. म्हणजे ‘मागेल त्याला मिळतं’ हे अर्धसत्य आहे. कोण मागतंय हेही बघितलं जातं, आणि फोनवर आवाज, उच्चार आणि आडनाव तर कळतंच.

एकच छापील भाव ही कल्पना मुळात याच अन्यायावरचा उतारा म्हणून आली होती, हे आपण विसरलो. क्वेकर पंथाचे व्यापारी फार पूर्वीपासून एका वस्तूला एकच भाव सांगत, कारण माणूस बघून भाव बदलणं त्यांना अप्रामाणिक वाटे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये बॉन मार्शे, न्यूयॉर्कमध्ये ए. टी. स्टुअर्ट आणि फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर यांनी वस्तूवर किंमत लावून मोठी दुकानं चालवली, तेव्हा त्यांचा हेतू काही संतपणाचा नव्हता. भाव ठरलेला असला की विक्रेत्याला घासाघिशीचं कसब लागत नाही आणि गिऱ्हाईक पटापट उरकतं. पण त्यातून एक फार मोठी गोष्ट घडली. चोखंदळ गिऱ्हाईक दुकान सोडून गेलं की मालकाला भाव उतरवावा लागे, आणि उतरवला की तो सगळ्यांसाठी उतरे. न बोलणाऱ्याला बोलणाऱ्याचं संरक्षण मिळत होतं.

सदस्यत्वांच्या आणि मासिक बिलांच्या जमान्यात ही साखळी तुटली. आता चोखंदळ गिऱ्हाईक कोण ते कंपनीला ओळखता येतं, कारण ते स्वतःच ‘बंद करायचंय’ म्हणत फोन करतं. मग फक्त त्याच्यापुरता भाव उतरवायचा, फोनवर, एकांतात. बाकीच्यांना पत्ता लागत नाही. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये मांडलं होतं, की संस्था बिघडते तेव्हा लोकांसमोर दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. आणि दर्जाबद्दल सगळ्यांत जागरूक माणसंच आधी निघून गेली, तर आवाज उठवायला कोणी उरत नाही. रिटेन्शन विभागाने यात तिसरी वाट काढली आहे. जागरूक माणसाला जाऊही द्यायचं नाही आणि बोलूही द्यायचं नाही. त्याच्या तक्रारीची किंमत मोजून ती विकत घ्यायची. मावशीच्या बिलात जी सवलत मी मिळवली म्हणून मिरवत होते, ती खरं तर माझं तोंड बंद करण्याचा दर होता. आणि मी तो स्वस्तात लावला.

या गुप्त सवलतींवरून भारतात दूरसंचार नियामक ट्राय आणि कंपन्या यांच्यात चांगलीच जुंपली होती. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आली. पोर्ट करायचा मेसेज टाकला की जुन्या कंपनीचा फोन येतो आणि कुठेही न छापलेला प्लॅन पुढे केला जातो, हा अनुभव कित्येकांचा आहे. निवडक ग्राहकांना अशा ‘सेगमेंटेड ऑफर’ देणार असाल तर आम्हाला कळवा, असं ट्रायचं म्हणणं. कंपन्यांचं म्हणणं, हा आमचा व्यवसायाचा भाग. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपशील ट्रायला द्यायला सांगितलं. नियामकाला कळवायचं, ग्राहकाला नव्हे, हे लक्षात घ्या. माझ्या शेजाऱ्याला कोणता भाव मिळाला हे मला आजही कळत नाही.

सदस्यत्वांचं दुखणं आणखी वेगळं. तिथे घासाघीस दूरच, आपण पैसे भरतोय हेच माणूस विसरतो. आयनाव, क्लोपॅक आणि महोनी या अर्थशास्त्रज्ञांनी क्रेडिट आणि डेबिट कार्डांच्या नोंदी तपासून एक साधी गोष्ट दाखवली. कार्ड बदललं जातं आणि नवा नंबर द्यावा लागतो, त्या महिन्यात सदस्यत्वं सोडणाऱ्यांचं प्रमाण एकदम उसळतं. सेवा त्या महिन्यात अचानक वाईट झालेली नसते. त्या महिन्यात माणसाला विचारलं जातं, एवढंच. अशा दुर्लक्षामुळे विक्रेत्यांचं उत्पन्न सेवेगणिक १४ टक्क्यांपासून २०० टक्क्यांहून अधिक वाढतं, असा त्यांचा अंदाज आहे. जिमचं उदाहरण जुनं आणि जरा विनोदी आहे. डेलाविन्या आणि माल्मेंडियर यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या नोंदी मांडल्या. मासिक सदस्य एका खेपेला सरासरी १७ डॉलरहून जास्त मोजत होते, आणि त्याच दारात दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप १० डॉलरला पडली असती. शेवटची हजेरी आणि सदस्यत्व रद्द होणं यांच्यात सरासरी दोनहून अधिक पूर्ण महिने गेले होते. मी त्या सरासरीच्या बरीच वर आहे, ते असो.

आणि निघायचं ठरवलं तरी दार सापडायला हवं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ॲमेझॉनवर जो खटला भरला, त्यात प्राइम रद्द करण्याच्या वाटेचं कंपनीतलं नाव उघड झालं: इलियड. चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. ट्रॉयच्या वेढ्यावरच्या त्या लांबलचक महाकाव्याचं नाव ज्याने दिलं, त्याला विनोदबुद्धी होती आणि आपण काय करतोय याची पूर्ण जाणीवही होती. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने २.५ अब्ज डॉलरवर तडजोड केली. याच कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम केला होता, की सदस्यत्व जितक्या सहज घेता येतं तितक्याच सहज सोडता आलं पाहिजे. तो लागू व्हायच्या तोंडावर, जुलै २०२५ मध्ये, अपील न्यायालयाने कार्यपद्धतीच्या चुकीवरून रद्द केला. जर्मनी याबाबत पुढे आहे. तिथे १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन करार घेणाऱ्या कंपन्यांना वेबसाइटवर करार रद्द करण्याचं बटण द्यावंच लागतं. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांना फसवणाऱ्या तेरा डिझाइन-क्लृप्त्यांची जी यादी अधिसूचित झाली, तीत ‘सदस्यत्वाचा सापळा’ नावानिशी आहे. आणि ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे जाण्याआधी चोवीस तास सूचना देण्याचं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. ती सूचना आली की कार्ड बदलल्यासारखंच होतं, माणसाला निदान विचारलं जातं. मला हा नियम बटणापेक्षाही मोलाचा वाटतो, कारण बटण दाबायचं आहे हे आठवण्यासाठी आधी कोणीतरी हलवून जागं करावं लागतं.

विरोधी बाजूत एक मुद्दा दमदार आहे, तो मी टाळणार नाही. जुन्या-नव्याला एकच दर केला की नव्या ग्राहकांचे अगदी स्वस्त सौदे संपतात. इंग्लंडच्या नियामकालाही हे ठाऊक होतं, आणि दरवर्षी विमा कंपनी बदलणाऱ्यांना हा नियम अंगावर आला. ते चिडले, साहजिक आहे. पण त्यांचा सौदा स्वस्त कोणामुळे होता? साठ लाख लोकांच्या गप्प बसण्यामुळे. तो पैसा कंपनीने आकाशातून आणला नव्हता. दर वर्षी कंपनी बदलण्याचे कष्ट मीही केले आहेत, तेव्हा मला वाटायचं मी कंपनीला हरवतेय. प्रत्यक्षात माझी सवलत मावशीच्या बिलात होती, अगदी शब्दशः.

सुरुवातीची सवलत बंद करा असं मी म्हणत नाही. नव्याला चव घेऊन बघायला स्वस्तात द्या, खुशाल द्या. पण ती कधी संपणार आणि मग दर काय होणार, हे पहिल्या दिवशी ठळक छापा. आणि संपल्यावर जुन्याला जो दर लावाल, तो त्या दिवशी दारात येणाऱ्या नव्यापेक्षा जास्त नको. बिलावर एक ओळ द्या: आज आमच्याकडे हीच सेवा नवा ग्राहक या दराने घेतो. एवढी एक ओळ. ती छापायला ना वेगळा विभाग लागतो ना संगीत. विम्यात जे जमतं ते इंटरनेटात न जमण्याचं कारण मला तरी सापडलेलं नाही.

फोनच्या पलीकडच्या माणसाबद्दलही थोडं बोलायला हवं. त्याला रोज किती ग्राहक टिकवले ते मोजून दाखवावं लागतं. मावशीच्या फोनवर शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, माझ्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?" मी दहा म्हटलं. त्याने खरंच चांगलं काम केलं होतं, आणि ते काम अस्तित्वातच नसायला हवं होतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या डोक्यात होत्या.

त्यानंतर मी कंपनीला एक ईमेल लिहिलं. माझ्या बिलाबद्दल नाही, मावशीच्याही नाही. दहा-दहा वर्षं झालेल्या ग्राहकांना नव्यांचा दर आपोआप का लागत नाही आणि तो लावायचा तुमचा काही विचार आहे का, एवढंच विचारलं. आठवड्याने उत्तर आलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं होतं त्यात. खाली आणखी दोन ओळी होत्या: आपली गैरसोय लक्षात घेऊन आपल्या खात्यावर पुढील सहा महिन्यांसाठी विशेष सवलत लागू करण्यात येत आहे, स्वीकारण्यासाठी इथे दाबा.

मी दाबलं.